मुलगा सेट आहे

इंग्रजी शब्द अडला की माणसं हल्ली खिशातला फोन काढतात. इमारतीत इंग्रजीचा एक निवृत्त प्राध्यापक रिकामा बसलाय, याची कुणाला पर्वा नाही. त्यामुळे कुणी न विचारता सांगायची सवय मला लागली आहे. मध्ये एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “हल्ली दही नीट सेटच होत नाही हो.” ते दुधाबद्दल बोलत होते. मी तोवर ऑक्सफर्डला पोचलो होतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, वीस खंडांची. तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत आणि त्या एका नोंदीने सुमारे ६०,००० शब्द खाल्ले आहेत. एवढ्या शब्दांत आमच्याकडे एक बऱ्यापैकी कादंबरी होते आणि तिला एखादा पुरस्कारही मिळतो. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ हा शब्द ६४५ अर्थ घेऊन ‘सेट’च्या पुढे निघून गेला. त्या ‘रन’च्या मागे पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने होते. मी गिलिव्हरांपर्यंत आलो तेव्हा ते गृहस्थ आपल्या मजल्याच्या एक मजला आधीच उतरले आणि जिन्याने गेले. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट वापरणारा माणूस!

माझ्या विद्वत्तेची ही ताकद मला नोकरीत असल्यापासून माहीत आहे. वर्ग रिकामा करण्यात माझा हात कुणी धरला नाही.

तर सेट. मुळात हे ‘बसणे’चं ‘बसवणे’. इंग्रजीतल्या ‘सिट’पासून जुन्या काळी ‘सेट’ झाला. वस्तूंचा सेट म्हणतो तो मात्र वेगळ्या कुळातला. तो लॅटिनमधल्या अनुयायांच्या शब्दावरून फ्रेंचांच्या हातून इंग्रजीत आला. दोघं एका घरात इतकी शतकं राहिले, की सख्खे भाऊ वाटायला लागले. मराठीला याचं काही अप्रूप वाटायला नको. आपण गणपती बसवतो, दात बसवतो, चाल बसवतो, नाटक बसवतो. आणि घसा बसतो, टायर बसतो, धक्का बसतो. एवढा कामसू शब्द घरात असताना आपण इंग्रजीतला पाहुणा आणला आणि त्यालाही कामाला लावलं. अलार्म सेट, केस सेट, सोन्याचा सेट, सिनेमाचा सेट, उडप्याकडचा सेट डोसा. सेट झालेला फलंदाज, जो समालोचकाने तसं म्हणताच पुढच्या चेंडूवर बाद होतो. आणि सेट टॉप बॉक्स. टीव्ही इतके सपाट झाले, की त्यांच्या टॉपवर आता धूळही बसत नाही. बॉक्स खाली कुठेतरी वायरींच्या जंजाळात पडलेला असतो. नाव मात्र टिकून आहे.

पण माझा जीव अडकलाय तो लेमन सेटमध्ये.

इंग्रज माणसाला लेमन सेट म्हणा, तो लिंबं मोजायला घेईल. मराठी माणसाला एवढं म्हटलं, की डोळ्यांसमोर काचेचा जग उभा राहतो आणि त्याच्याभोवती सहा ग्लास. ग्लासांवर पिवळी-नारिंगी फुलं किंवा लिंबाची एक चकती, काठाला सोनेरी रेघ. ती रेघ पहिल्या दोन धुण्यांत जाते. जगाला प्लॅस्टिकचं झाकण, जे कधीच घट्ट बसत नाही. हे सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि वरून चमकता कागद. माझ्या लग्नात असे इतके सेट आले, की सरबताचं दुकान काढायचं का, असं वडिलांनी गंभीरपणे विचारलं.

लेमन सेटच का, यावर मी पुष्कळ चिंतन केलं आहे. निवृत्तीनंतर माणूस कशावरही करतो. माझा सिद्धान्त असा. त्या काळी आहेरात स्टीलची भांडी असत आणि भांडीवाला त्यांवर मशीनने नाव घालून देई. ‘चि. अमुक यांस तमुककडून सप्रेम भेट’, खाली तारीख. घरघर आवाज करत ती सुई चालायची आणि नाव कायमचं कोरलं जायचं. असं भांडं पुढे कुणाला देता येत नसे. माझ्या आत्याने एकदा दुसऱ्याच्या नावाचा डबा देऊन पाहिला. तो किस्सा अजून आमच्या घराण्यात तिच्या नावावर कोरलेला आहे. काचेवर मात्र ती सुई चालत नसे. लेमन सेट निनावी राहिला, आणि म्हणूनच चलनात आला. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, पुण्याहून साताऱ्याला, साताऱ्याहून परत पुण्याला. पॅकिंगचा कागद तेवढा बदलायचा. आईकडे आहेराची वही होती. तीत कुणी काय दिलं हे येई. दिलेलं कुठून आलं होतं, याचा रकानाच नव्हता. नोटेवरसुद्धा नंबर असतो. लेमन सेटवर तोही नसे.

त्यातून सरबत प्यायलेला माणूस मी पाहिलेला नाही. तो शोकेसमध्ये असायचा. मुलगी बघायला येणाऱ्यांपुरता खाली उतरायचा आणि त्या मंडळींत नेमका सातवा माणूस असायचा. सातव्याला स्टीलचा पेला. मुलाचा मामा तो पेला हातात धरून एवढासा चेहरा करून बसायचा, आणि आमच्या आत्याचं एक स्थळ त्या पेल्यावरून मोडलं, असं आजी शेवटपर्यंत सांगत असे.

सहातला एक ग्लास फुटला, की “सेट मोडला” असं आमच्या घरात म्हणतात. मी लगेच गणितात शिरतो. गेऑर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाच्या १८७४ च्या निबंधापासून जो विषय सुरू झाला, त्यात सेट मोडत नाही. आपल्या नववीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण ‘संच’ आहे. पाच ग्लासांचा संच हाही संचच. एकही ग्लास उरला नाही, तरी रिक्त संच. “अहो, मग सहाव्याला पाणी कशातून देऊ, रिक्त संचातून?” ही म्हणते. कँटरलाही टीकाकारांनी फार छळलं होतं.

इतका वेळ मी ज्या अर्थाला बगल देतोय, तो आता सांगतो. आमच्या पुतण्याचं लग्न जमवायचं होतं. मुलीच्या आत्याने फोनवर विचारलं, “मुलगा सेट आहे ना?”

“हो, सेट आहे,” मी म्हटलं. “नेटही आहे.”

“नेट आता सगळ्यांकडेच असतं. मुलगा सेट आहे का?”

माझं उत्तर खोटं नव्हतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात सहायक प्राध्यापक व्हायचं, तर सेट ही परीक्षा असते. पुणे विद्यापीठ ती घेतं. देशपातळीवर घेतात ती नेट. पुतण्या दोन्ही उत्तीर्ण आहे, प्रमाणपत्रं लॅमिनेट करून फायलीत आहेत. ती फाइल घेऊन तो दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देतो आणि तासिका तत्त्वावर नेमला जातो. सकाळी एका गावात वर्डस्वर्थ, दुपारी एसटीने तालुक्याला जाऊन कम्युनिकेशन स्किल्स. बोर्डाचे मार्कर त्याच्या स्वतःच्या बॅगेत असतात, कारण कॉलेजातले सुकलेले असतात. डबा एसटीत. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, ते कधी येतील ते येतील, सुट्टीत तर नाहीतच. मराठीत आता एखादा मुलगा सेट असूनही सेट नसतो. ऑक्सफर्डवाल्यांना हा अर्थ कळवायला हवा.

इथे मला माझा निरोप समारंभ आठवतो. प्राचार्य म्हणाले होते, “सरांची जागा कुणीही भरून काढू शकणार नाही.” मी गहिवरलो. ते वाक्य मी घरी ऐकवलं, बहिणीला फोनवर ऐकवलं, पुढे बरीच वर्षं या ना त्या निमित्ताने ऐकवत राहिलो. ती स्तुती नव्हती, सूचना होती. माझी जागा खरोखरच भरलेली नाही. माझ्यानंतर निवृत्त झालेल्यांचीही नाही. ज्या विभागात आम्ही चौघे स्टाफरूममध्ये चहावरून भांडायचो, तिथे आज पूर्णवेळ शिक्षक एकही नाही. फळ्यावर वेळापत्रक आहे, दारावर पाटी आहे. रिक्त संच हाही संचच.

अशाच कुणाच्या तरी न भरलेल्या जागेवरचे तास पुतण्या घेतो. मला घरी बसून महिन्याला जे मिळतं, ते त्याला शिकवून मिळत नाही. त्याने हे कधी बोलून दाखवलेलं नाही. “काका, तुमच्या नोट्स द्या ना,” एवढंच म्हणतो, आणि मी त्या देतो, तेव्हा माझी छाती पूर्वीसारखी फुगत नाही.

२०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू या टेनिसपटूंचा शेवटचा सेट ७०-६८ वर जाऊन संपला. सामना तीन दिवस चालला होता. असे सेट फार लांबतात असं वाटून तिथल्या मंडळींनी २०१९ साली १२-१२ वर टायब्रेक आणला. आमच्या पुतण्याच्या सेटला टायब्रेक नाही. पस्तिशी जवळ आली आहे.

शेवटी मुलीचे वडील स्वतः आले. ते बांधकामाचे ठेकेदार. दोन्ही मुलं एकमेकांना पसंत होती, तेव्हा बोलायचं ते मोठ्यांनीच बोलायचं होतं. मी सवयीने जुन्या इंग्रजीतल्या व्युत्पत्तीपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

“सर, मला सिमेंटमधलं कळतं. साधं सिमेंट अर्ध्या तासाच्या आत सेट व्हायला लागता कामा नये आणि दहा तासांत पूर्ण सेट झालं पाहिजे, असं मानक आहे. तुमच्या मुलाचं सांगा.”

“ते अर्ध्या तासाच्या आत सेट होऊ नये म्हणून त्यात काही मिसळतात ना?”

“जिप्सम.”

“याच्यात शासन निर्णय मिसळले आहेत.”

ते हसले नाहीत. सरकारकडे त्यांचीही बिलं अडकलेली होती. किती, कुठली, कधीपासून, हे त्यांनी मला तासभर सांगितलं आणि आयुष्यात प्रथमच मी मध्ये न बोलता ऐकलं. उठताना त्यांनी मुहूर्ताची तारीख विचारली.