रोव्हरशेठ

मावळात भाताच्या लावण्या सुरू होतात, त्याच सुमारास इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांचा खेळाडू-बाजार भरात येतो. तिकडे त्याला उन्हाळी ट्रान्सफर म्हणतात. इकडे पवनानगरात तेव्हा तिकोना किल्ला चार-चार दिवस ढगाबाहेर येत नाही आणि मोबाइलची रेंजही त्याच्याबरोबर आत गेलेली असते. चौकातल्या टपरीवर बाकीचे लोक धरण किती टक्के भरलं ते विचारतात. रोव्हरशेठ प्लॅस्टिकच्या खोळीतून मान बाहेर काढून विचारतो, "आपल्यांनी स्ट्रायकर घेतला का रं?"

'आपले' म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स.

शेठच्या ब्रॉयलरच्या दोन शेड आहेत, करारावरच्या. एक दिवसाचं पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. जागा, तूस, लाइटबिल आणि रात्रीचं जागरण शेठचं. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी लागते, म्हणजे लिफ्टिंग होतं, पक्षी वजन होऊन जातात आणि वाढवल्याचे पैसे हातात पडतात. कंपनी कोणती ते विचारू नका, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. पण नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजनं ब्लॅकबर्न विकत घेतला आणि शेठचा हिशेब तिथल्या तिथे झाला : मालक पुण्याचे, धंदा कोंबडीचा, म्हणजे क्लब घरचा. याच क्लबनं १९९५ साली अ‍ॅलन शिअररच्या गोलांवर प्रीमियर लीग जिंकली होती, हे त्याला नंतर कळलं. "मंग तर वतनदार घर हाये," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून 'आपले' म्हणायला लागला.

वतन फार दिवस टिकलं नाही. ७ मे २०१२ रोजी घरच्याच मैदानावर विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगबाहेर पडला. त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मालकांच्या नावानं मैदानात जिवंत कोंबडी सोडली, तीही क्लबच्या निशाणात गुंडाळून. टेंटवाल्या पोरांनी तो व्हिडिओ शेठला मुद्दाम दाखवला. शेठनं तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि शांतपणे निकाल दिला, "लेयर दिसतीय, अंड्यावरची. ब्रॉयलर येवढी पळत नाय."

ही टेंटवाली पोरं धरणाकाठी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तंबू आणि बार्बेक्यू पुरवतात, आणि सगळीच्या सगळी मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल नाहीतर रिआल माद्रिदची. शेठला त्यांची कीव येते. त्याचं म्हणणं असं की ज्याच्या खिशात पैसा मावत नाही त्याच्या खरेदीची चर्चा करण्यात कसली मजा? खरी मजा नुकत्याच वरच्या वर्गात गेलेल्या क्लबाची. मला वाटतं, फुटबॉलमधलं एवढं एक त्याला तज्ज्ञांइतकंच कळतं. ज्या पोरांनी जिवाचं रान करून क्लब वर आणला, तीच पोरं वर टिकायला कमी पडणार हे दिसत असतं. त्यांना काढावं तर कृतघ्नपणा, ठेवावं तर वर्षभरात पुन्हा खाली. नवे आणावेत तर चांगला माणूस येत नाही, येतो तो महाग पडतो. प्रत्येक पौंड दोनदा मोजावा लागतो, आणि शेठला मोजायला आवडतं.

म्हणून त्याचा सोन्याचा काळ म्हणजे २०१८ चा पावसाळा. क्लब आदल्या वर्षी तिसऱ्या पायरीवर घसरला होता, तो टोनी मोब्रेच्या हाताखाली एका मोसमात ९६ गुण मिळवून दुसऱ्या पायरीवर परत आला. त्या जून-जुलैत शेठनं लावणीला बाया सांगितल्या की नाही हे घरच्यांना आठवत नाही. मोब्रेला काय सांगायचं याची यादी मात्र खताच्या पिशवीच्या कागदावर तयार होती.

खेळाडू पारखायचं त्याचं माप एकच, एफसीआर. कोंबडीनं किलोभर वजनाला किती किलो खाद्य खाल्लं, तो आकडा. दीड-पावणेदोनच्या आत राहिला तर शेठ हसतो, वर गेला की कपाळाला हात. तेच माप तो माणसांना लावतो : पगार किती खातो आणि गोल किती देतो. न्यूकॅसलकडून अ‍ॅडम आर्मस्ट्राँग त्या उन्हाळ्यात पक्का घेतला. किंमत बातम्यांप्रमाणे सुमारे साडेसतरा लाख पौंड, आणि आधीचे चार-पाच महिने तो उसना खेळून गेलेला. "वापरून बघून घेतलेला माल," शेठ खूश. पुढे विकला तर नफ्यात न्यूकॅसलचा वाटा राहणार असं कळलं, तेव्हा तो गंभीर झाला. "बघा, पिल्लू देणारा कोंबडीत पण हिस्सा ठेवतो. सगळीकडं येकच."

मग फुकटात जॅक रॉडवेल आला. संडरलंडमध्ये त्याला आठवड्याला सत्तर हजार पौंड मिळत, अशा बातम्या होत्या, आणि संडरलंड एकामागून एक दोन पायऱ्या खाली गेला होता. शेठनं रुपयांत गुणाकार केला, बोटांवर जमेना म्हणून मोबाइलवर केला, आणि कितीतरी वेळ बोललाच नाही. शेवटी टपरीवाल्याला म्हणाला, "च्या दे. बिनसाखरेचा."

त्या वर्षी क्लबला डावा बॅक हवा, असं त्याचं ठाम मत होतं. पक्षी बघायला सुपरवायझर आला तर त्यालाच धरून बसला. "साहेब, वर सांगा, आपला डावा बॅक उघडा हाये. तिथून समदे घुसत्यात." बिचारा सुपरवायझर टॉर्च घेऊन शेडच्या डाव्या अंगाला मागं गेला, जाळी हलवून बघितली आणि वहीत लिहून घेतलं : मुंगसाचा धोका.

ऑगस्टमध्ये बेन ब्रेरेटन आला आणि घरात वाद पेटला. एकोणीस वर्षांचा पोरगा, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा; आधी उसना, जानेवारीत विकत, आणि सौदा सत्तर लाख पौंडांच्या घरातला. नुकत्याच वर आलेल्या क्लबाला हा घास मोठा होता. पोरानं पहिल्या मोसमात लीगमध्ये गोल केला एक. शेठ त्याचा एफसीआर काढायलासुद्धा तयार नव्हता. टेंटवाली पोरं रोज विचारायची, "शेठ, तुमचं पिल्लू वाढलं का?" वहिनी भाकरी थापता थापता एकदाच बोलल्या, "लहान हाये वो ते. त्याच्या आईचं कोण हाये का बघा तिथं."

आईचंच निघालं. फुटबॉल मॅनेजर नावाच्या संगणकावरच्या खेळात नोंद होती की ब्रेरेटन आईकडून चिलीचा. त्यावरून गवगवा झाला, चिलीनं बोलावलं, २०२१ च्या कोपा अमेरिकेत त्यानं बोलिव्हियाविरुद्ध गोल मारला आणि आईचं आडनाव लावून ब्रेरेटन डियाझ झाला. परत येऊन पुढच्या मोसमात ब्लॅकबर्नसाठी लीगमध्ये २२ गोल. वहिनींनी ही बातमी ऐकली आणि पुन्हा तव्याकडे वळल्या. शेठ मात्र आठवडाभर टपरीवर सगळ्यांना चहा पाजत होता.

ब्रेरेटनला विकायची वेळ हीच, असं शेठनं तेव्हाच जाहीर केलं होतं. आर्मस्ट्राँगला २०२१ मध्ये साऊदॅम्प्टननं दीड कोटी पौंडांच्या आसपास देऊन नेलं होतं, तसंच. क्लबनं ऐकलं नाही. २०२३ मध्ये करार संपला आणि ब्रेरेटन एक पैसा न देता स्पेनला व्हिलारियालकडे गेला. "बेचाळिसाव्या दिवशी गाडी लावायची असती," शेठ म्हणाला, "पन्नासाव्याला कोंबडी नुसती खाती. पाच वर्षं खाऊ घातलं आन लिफ्टिंग फुकट!"

आता एक गोष्ट त्याच्या माघारी सांगतो. शेठनं ब्लॅकबर्नचा सामना पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत कधी पाहिलेला नाही. शनिवारचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, थंडीत साडेआठला, आणि ती शेडमध्ये फेरी मारायची वेळ. मंगळवारचा मध्यरात्रीनंतर, पिल्लं नवी असली तर तो जागा असतो, पण मग बल्बच्या उबेकडे बघायचं की मोबाइलकडे? त्याला निकालाशीही फार देणंघेणं नसतं. २०१८-१९ मध्ये क्लब पंधरावा आला, म्हणजे शेठचं सगळं शास्त्र बरोबर ठरलं, तेव्हा त्याचं लक्ष पुढच्या जूनकडे लागलेलं होतं. कुणी म्हणेल हा फुटबॉलचा शौकीनच नव्हे. मी म्हणेन, तो सौद्याचा शौकीन आहे, आणि फुटबॉलचे निम्मे शौकीन तसेच असतात. फक्त शेठ कबूल करतो.

पावसाळ्यात पवना धरणाकडे येणार असाल तर कामशेतवरून या, चौकात थांबून चहा घ्या आणि ब्लॅकबर्ननं यंदा कुणाला घेतलं एवढंच विचारा. पुढचा तासभर बसायला जागा मिळेल. ऑफसाइड म्हणजे काय, हे मात्र त्याला विचारू नका. ते त्याला येत नाही.