न विचारता उघडणारे दरवाजे

शाहू महाराजांनी मनावर घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला टेकलं की ते आपले आपण उघडतात. ना फाईल, ना टिपणी, ना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. एक दरवाजा उचलला की 1428 क्युसेक पाणी भोगावतीत. पाणी उतरलं की मुकाट्यानं मिटतात. एवढा गुणी सरकारी नोकर आम्ही मलकापुरात बसून दुसरा पाहिला नाही, आणि त्याला वेतन आयोगही लागू नाही! डिसेंबर 2021 मध्ये भर थंडीत पाणी सुटलं, ते दुरुस्ती चालू असलेल्या सेवाद्वारातून. म्हणजे जिथं माणसाचा हात लागला होता तिथून.

आमच्या शाहूवाडीची कडवी नदी जिला मिळते ती वारणा. चांदोलीला तिच्यावर 34.40 टीएमसीचं धरण आणि 16 मेगावॅटचं वीजघर. शेजारच्या कोयनेचे 1960 मेगावॅट, त्यापुढं हे म्हणजे हंड्यापुढं तांब्या. पण तांब्यालाही मालक किती! धरण जलसंपदाचं, वीजनिर्मिती महानिर्मितीची, मोठ्या तारा महापारेषणच्या, बिल महावितरणचं. चार भावांची सामाईक विहीर. पाणी सगळ्यांचं, गाळ कुणाचाच नाही. धरण भरलं की मात्र ओटी भरायला, फोटोला सगळे एका रांगेत. धरणाखाली ज्यांची घरं गेली ते त्या फोटोत कधी दिसले नाहीत.

पूर आला की फोटो बदलतो. 2019 ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि सगळ्यांची बोटं कर्नाटकाकडं, तिथल्या आलमट्टी धरणाकडं. सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 मध्ये सांगितलं, पुराचं खापर आलमट्टीवर फोडता येत नाही. अहवाल कपाटात गेला, बोट तिथंच राहिलं. आलमट्टीची पाणीपातळी 519.6 वरून 524.256 मीटरवर नेण्याला विरोध जरूर करावा. पण आपल्या धरणांतून पाणी कधी, किती सोडायचं हा हिशेब कर्नाटकात होत नाही.

पावसाळ्यात मोबाईलवर येईलच : ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ तेव्हा एक करा. मेसेज किती वाजता आला आणि पाणी किती वाजता आलं, दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवा.