मरा, पण जखमी होऊ नका

भारतीय कामगाराच्या शरीररचनेवर अजून कोणी प्रबंध लिहिलेला दिसत नाही, ही आपल्या विद्यापीठांची मोठीच हयगय म्हणायची. सरकारी आकडे खरे धरले तर हा प्राणी अजब आहे. तो जखमी होतच नाही, एकदम मरतो. नोंदणीकृत कारखान्यांतल्या अपघातांची राज्याराज्यांतून आलेली माहिती केंद्राचं डीजीफासली हे महासंचालनालय गोळा करतं. तिच्यानुसार २०१७ ते २०२० या काळात दरसाल सरासरी अकराशेच्या आसपास कामगार मेले आणि चार हजारांवर जखमी झाले. एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी. ब्रिटनमध्ये २०२३-२४ साली कामावर १३८ माणसं मेली, आणि मालकांनी कळवलेले जखमी होते ६१ हजारांवर, म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे साडेचारशे. तिथे हाड मोडण्यासारखी ठरावीक इजा सोडली तर सात दिवसांहून जास्त काम बुडालं तरच कळवावं लागतं. आपल्याकडे ४८ तास पुरतात, तेव्हा आपला आकडा खरं तर फुगायला हवा होता. कोणी म्हणेल, त्यांच्या आकड्यात दुकानं-इस्पितळंही आली, आपल्याकडे नुसते कारखाने, तुलना बरोबरीची नाही. मान्य. साडेचारशेला दहाने भागा, तरी चार येत नाहीत. आणि तिथलं सुरक्षा खातं कामगारांच्या घरी जाऊन विचारतं तेव्हा त्याला आढळतं, की कळवायलाच हव्यात अशा जखमांपैकी मालक जेमतेम निम्म्याच कळवतात. शिस्तीबद्दल ख्याती असलेल्या देशात निम्म्या जखमा गिळल्या जात असतील, तर आपल्या पचनशक्तीला दाद द्यायला हवी.

ही किमया होते कशी, ते कायद्यातच लिहिलेलं आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ८८ वं कलम सांगत असे, की मृत्यू झाला किंवा इजेमुळे कामगार ४८ तास वा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर खात्याला कळवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली, पण ४८ तास तेच राहिले. आता कायदा बनवणाऱ्याला वाटलं असेल, की ही जखमेच्या गांभीर्याची मोजपट्टी आहे. कारखान्याच्या गेटवर तिचा अर्थ वेगळा लागतो. माणसाला तिसऱ्या दिवशी गेटच्या आत आणलं की झालं. पट्टी बांधलेला हात घेऊन त्याने टाइमकीपरशेजारी स्टुलावर बसायचं, हजेरी लागते, पगार मिळतो. मालक दयाळू ठरतो, आणि अपघात कायद्याच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. कसाऱ्याकडून येणारी लोकल खडवली स्टेशनावर पकडून डोंबिवली-अंबरनाथला ठेकेदाराकडे रोजावर जाणाऱ्याला तर स्टुलाचीही गरज नाही. तो दुसऱ्या दिवशी आला नाही तर तो ‘आला नाही’ एवढंच होतं, त्याच्या जागी दुसरा येतो. खडवली-टिटवाळा पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर कथा आणखी सोपी. तिथे कातकरी नवरा-बायको मिळून एक ‘जोडी’, हिशेब हजार विटांवर आणि उचल आधीच दिलेली. मस्टर नसलं की अपघातही नसतो.

बरं, अपघात कळवलाच, तर पहिली हकिगत कोणी लिहायची? ज्याच्या आवारात घडला त्याने. उत्तरपत्रिका परीक्षार्थ्यानेच तपासायची, असा हा प्रकार. त्यामुळे चौकशी सुरू होण्याआधीच कारणाच्या रकान्यात निकाल लागलेला असतो: कामगाराचा निष्काळजीपणा. मराठी औद्योगिक वाङ्मयातलं हे सर्वांत लोकप्रिय वाक्य असावं. कामगार कधीच निष्काळजी नसतो असं कोणी म्हणत नाही. बारा तासांच्या पाळीच्या शेवटच्या तासाला पॉवर प्रेससमोर उभा असलेला माणूस बेसावध होतो, हे खरंच आहे. पण नेमकं तेवढ्यासाठीच यंत्राच्या धोक्याच्या भागांना जाळी-कुंपण घालणं कायद्याने मालकावर टाकलं आहे, म्हणजे माणूस बेसावध होणार हे कायद्याने आधीच गृहीत धरलं आहे. चौकशीचा प्रश्न म्हणून ‘हात आत का गेला’ हा नसतो, ‘हात आत जाऊ शकला कसा’ हा असतो. भरपाईच्या कायद्याने तर १९२३ पासून बोटाबोटाचा भाव बांधून दिला आहे: अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली, मधलं बोट १२, करंगळी ७, अंगठा ३०. पेरापेराचेही दर आहेत. इतकी बारीक मोजदाद करणाऱ्या व्यवस्थेला एकाच गोष्टीची अडचण होते, बोट हरवल्याची बातमी पोहोचण्याची. वाहन-उद्योगातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहिते आहे, की त्यांच्यातल्या बहुतेकांना राज्य कामगार विम्याचं कार्ड मिळतं ते अपघात झाल्यानंतर. बोट आधी जातं, नोकरी मागाहून लागते.

या सगळ्याची किंमत बोटापुरती असती तर हे सदर इथेच संपवता आलं असतं. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. बारा मृत्यू, दोनशेवर जखमी, आजूबाजूच्या इमारतींच्या काचांचा चुरा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, अहवालही झाला. पण तो लोकांना वाचायला मिळावा म्हणून माहितीच्या अधिकाराचा दरवाजा ठोठावावा लागला. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, पुन्हा दहाहून जास्त जीव गेले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तोच, १२ जूनला इंडो अमाइन्सला आग लागली. ‘अचानक’ हा शब्द तिन्ही वेळा आला. पण रसायनाचा कारखाना अचानक फुटत नाही, आधी तो बारीकसारीक खुणा करत असतो: व्हॉल्व्ह गळतो, दाब चढतो, कोणाचा तरी हात भाजतो. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखने १९३१ साली एक गणित मांडलं होतं, एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि ३०० नुसत्याच हुकलेल्या घटना. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि किरकोळ इजा कमी केल्या की स्फोट टळतात असंही सरळ समीकरण नाही. पण गळक्या व्हॉल्व्हची नोंदच नसेल तर कोणत्या समीकरणात काय घालणार? कोणी जखमी झालं नाही तरी काही धोकादायक घटना कळवायच्या, असं ८८-अ कलम होतंच, नव्या संहितेतही ती तरतूद आहे. तिचं पालन करणारा मालक सापडला तर त्याचा सत्कार एमआयडीसीच्या कमानीखाली करावा.

मृतांच्या बाबतीत आपण निदान कळवतो. पण तिथेही दर्जे होते. कारखान्यात एक मेला तरी महिन्याभरात चौकशी, आणि बांधकामावर १९९६ च्या कायद्याप्रमाणे ती सक्तीची व्हायला पाच जण मरावे लागत. ३१ जुलै २०२३ च्या रात्री खडवलीच्या पलीकडे, शहापूर तालुक्यातल्या सरलांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलाचं गर्डर यंत्र कोसळलं आणि वीस जण गेले. अट चौपट पुरी झाली. त्यांनी सुटेसुटे, पाच ठिकाणी चार-चार करून मरायचं ठरवलं असतं, तर या कलमाला जागं व्हायचं कारण नव्हतं. नव्या संहितेने ही पाचाची अट काढली, हे चांगलं केलं, आणि लगेच भरपाई म्हणून चौकशीची मुदत एक महिन्याची दोन महिने केली. निरीक्षकाचं नावही बदललं. तो आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ आहे. सुविधा कोणाची, ते कलमात लिहिलेलं नाही.

लहान उद्योजक म्हणतात, कागदपत्रांनी जीव नकोसा झाला आहे, त्यात हा एक अर्ज. त्यांची दमछाक खोटी नाही. पण त्याच उद्योजकाचा रसायनाचा टेम्पो खडवली फाट्यावरून जातो तेव्हा त्याच्यासोबत ई-वे बिल असतं; माल किती, किती किमतीचा, गाडीचा नंबर काय, सगळं सरकारला मिनिटात कळतं. पिंप वाटेत हरवलं तर माग काढता येतो, बोट हरवलं तर नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जो प्रामाणिकपणे कळवील त्याच्यावरच खटला, जो लपवील तो मोकळा, मग कळवावं कोणी? हे खरं आहे, आणि म्हणूनच कळवण्याचं काम एकट्या मालकावर ठेवणं चूक आहे. शिवाय एक राजकीय उपाय आहे, दर स्फोटानंतर घोषित होणारा: धोकादायक कारखाने डोंबिवलीबाहेर हलवा. याने डोंबिवलीकरांच्या काचा वाचतील. पण न नोंदवलेली गळती नव्या पत्त्यावर गेली की नोंदवली जाईल, असं मानायला काही आधार नाही. शिवाय नवा पत्ता बहुधा अशा गावाचा असेल, जिथे काचेच्या इमारती कमी आणि वर्तमानपत्रांचे वार्ताहर त्याहून कमी.

याच देशात याचा उपाय फार पूर्वी सापडलेला आहे, आणि तोही खडवलीवरून रोज धावतो. रेल्वेच्या गंभीर अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे येतात. ज्याची गाडी घसरली त्याने आपणच आपल्याला निर्दोष ठरवू नये, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे. कारखान्यांसाठी अर्धी वाट तर कायद्यानेच काढून ठेवली होती: व्यवसायजन्य रोग दिसला तर तो कळवणं ८९ व्या कलमाने मालकाबरोबर डॉक्टरवरही टाकलं होतं. शिशाची विषबाधा डॉक्टरने कळवायची आणि तुटलेला अंगठा मात्र मालकाने, या वाटणीला वैद्यकीय कारण असेल असं वाटत नाही. उल्हासनगरच्या राज्य कामगार विमा रुग्णालयात आणि महापालिकांच्या दवाखान्यांत यंत्राने झालेली जखम घेऊन आलेला प्रत्येक माणूस तिथूनच खात्याला कळवला जावा, एवढी सुधारणा पुरे. मग मालक जखमींना ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे नेतील, हा आक्षेप येईल. नेतील. पण तसं नेण्यासाठी आधी त्यांना जखम झाली आहे हे स्वतःशी कबूल करावं लागेल, आणि डॉक्टरचं बिल कारखान्याच्या खात्यावर कोणत्या नावाने टाकायचं, याचा विचार लेखापालाला करावा लागेल.