खडेबाजारात शिरण्यापूर्वी वाचावयाच्या सूचना

जपानला आठ दिवस जाऊन आलेला मराठी माणूस पुढची आठ वर्षं ते ऐकवत असतो. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, दुकानात पैसे हातात न देता तबकात ठेवायचे असतात, टीप ठेवली तर वेटर मागून धावत येऊन ती परत करतो, शेवया सुर्रकन ओढल्या तरी कोणी नावं ठेवत नाही. ही माहिती आता इतकी पसरली आहे की क्योटोत उतरलेला पुणेकर कशानेच चकित होत नाही. तोच माणूस बेळगावात उतरतो तेव्हा त्याच्या गाठीशी दोनच गोष्टी असतात: मावशीने सांगितलेलं कुंद्याचं दुकान आणि 'गणगोत'मधले रावसाहेब. एवढ्या भांडवलावर खडेबाजारात शिरणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत, म्हणून या सूचना. त्यांना सरकारमान्यता नाही. इथे हक्क सांगणारी दोन सरकारं असल्यामुळे कोणाची घ्यायची, हे ठरलं नाही.

सर्वप्रथम, कोणत्या खडेबाजारात जायचं ते ठरवा. एक बेळगावचा, दुसरा शहापूरचा. रिक्षात बसून रुबाबात नुसतं 'खडेबाजार' म्हणालात तर 'कुठला?' असा प्रश्न येतो आणि तुम्ही बाहेरचे आहात हे जाहीर होतं. त्यानंतर भाडं ठरतं. जपानी टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, तसं इथे रिक्षाचं भाडं आपोआप ठरतं. मीटरकडे बघत बसून कोणालाही लाजवू नये. दोन खडेबाजारांचं मूळ प्रकरण मात्र गंभीर आहे. स्वातंत्र्यापूर्वी बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात. म्हणजे त्या काळी एका खडेबाजारातून लुगडं बघून दुसऱ्या खडेबाजारात भाव विचारायला जाणारी बाई चालत चालत राज्य ओलांडत असे. सीमेपलीकडे बाजारहाट करण्याचा या गावाचा सराव 1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या कितीतरी आधीचा आहे.

पत्ता विचारताना नकाशा बाहेर काढू नका. इथे रस्त्यांपेक्षा गल्ल्यांना मान आहे: गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली. पुण्यात 'गल्लीतला' म्हणजे हलका. इथे गल्ली हे माणसाचं घराणं असतं, तिचं मंडळ असतं आणि शेजारच्या गल्लीपेक्षा आपली मूर्ती किती उंच याची नोंद तोंडपाठ असते. टिळकवाडीकडे जायचं असेल तर पहिलं, दुसरं की तिसरं रेल्वे गेट ते सांगा. गेटावर उड्डाणपूल झाला तरी पत्ता गेटचाच राहतो. अंतर विचारण्यात अर्थ नाही. कितीही लांब असलं तरी उत्तर एकच येतं: 'हितंच आहे की, चालत जावा.'

आता पाट्या. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे आणि 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. उरलेल्या 40 टक्क्यांत इंग्रजी, मालकाची हौस, आराध्य दैवत आणि जागा उरली तर मराठी. कन्नड वाचता येत नसेल तर घाबरू नये. बाहेर चपला टांगल्या असतील तर ते चपलांचं दुकान आहे. गावाचं नाव उच्चारताना समोरचा काय म्हणतो ते आधी ऐकावं आणि तेच म्हणावं. ही लबाडी नव्हे. इथे याला व्यवहार म्हणतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या भाषेच्या खात्यात, म्हणून हा भाग दोनदा वाचावा. खडेबाजारातला कापडदुकानदार तुम्ही पायरी चढेपर्यंत तुमची भाषा ठरवून मोकळा झालेला असतो. चंदगडच्या बाईशी मराठी, बैलहोंगलच्या शेतकऱ्याशी कन्नड, शिलाईचं काम न्यायला आलेल्या चाचांशी दख्खनी, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणीची फोडणी दिलेलं मराठी आणि गल्ल्यावरच्या भावाशी मारवाडी. हे सगळं एका कप चहाच्या अवधीत होतं, आणि आपण काही विशेष केलं असं त्याला वाटत नाही. पाहुण्याने इथे कौतुक आवरावं. विशेषतः 'वा, तुमचं मराठी छान आहे हो!' हे वाक्य कटाक्षाने टाळावं. ज्याला तुम्ही ते म्हणता त्याच्या घरात कैक पिढ्या मराठीच बोलली जाते, त्याचे आजोबा 1848 पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे वर्गणीदार असू शकतात, आणि तुमच्या नातवाला मराठी वाचता येतं का, हे तो सभ्यपणामुळे विचारत नाही.

काउंटरवरची मुलगी 'मी दाखवतो की' म्हणाली तर तिचं व्याकरण सुधारू नका. ती सोय या बाजारात नाही.

घासाघीस करताना एक धोका लक्षात ठेवा. तुम्ही मराठीत भाव पाडत असता आणि दुकानदार मधूनच आतल्या माणसाला कन्नडमध्ये काहीतरी विचारतो. ते खरेदीचे भाव असतात, किंवा दुपारच्या जेवणाला काय आहे ते असतं. कळायला मार्ग नाही. अनुभवी गिऱ्हाईक अशा वेळी दुकानदाराकडे न बघता आतल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतं. तो हसला तर अजून कमी करायला वाव आहे. नंतर चहा येईल. खरेदी न करता चहा पिऊन निघालात तरी चालतं. चहा न पिता खरेदी करून निघालात तर मात्र माणूस घमेंडी ठरतो.

रावसाहेबांविषयी स्वतंत्र सूचना देणं भाग आहे. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते आणि कृष्णराव हरिहरांवर त्यांनी लिहिलेला लेख मराठी माणसाने इतका वाचला, ऐकला, की बेळगावचा प्रत्येक माणूस प्रेमाने शिव्या देतो अशी सबंध महाराष्ट्राची समजूत झाली आहे. पाहुणे येतात आणि चपलेच्या दुकानातल्या शांत, सोवळ्या, चष्मा लावलेल्या गृहस्थांपुढे आशेने उभे राहतात. कृपया तसं करू नका. शिव्या ओळखीच्या माणसालाच मिळतात. त्यासाठी निदान दोन दिवाळ्या त्याच दुकानातून खरेदी करावी लागते.

पार्किंग मिळणार नाही, तेव्हा गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून करमणूक करावी. केए 22 म्हणजे घरचा. केए 23 म्हणजे चिक्कोडी-निपाणीकडचा; त्याच्याशी तंबाखूच्या भावाबद्दल बोलता येतं. जीए म्हणजे गोवेकर, भाजीपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं भरून नेणारे. आणि एमएच 09 दिसली की कोल्हापूरहून लोक लांब खरेदीला आले असं समजू नका. चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, पण त्याला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. त्यामुळे तालुका एका राज्यात आणि त्याचा बाजार दुसऱ्या राज्यात, अशी मांडणी दर शनिवारी, आठवडी बाजाराला, कोणत्याही आयोगाशिवाय सुरळीत पार पडते.

आयोगाचा विषय निघालाच आहे तर सीमाप्रश्न. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, डिसेंबर 2022 मध्ये विधिमंडळाने 865 गावांसाठी ठराव केला, आणि दरवर्षी 1 नोव्हेंबरला याच शहरात एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला काळा दिन असतो. त्या दिवशी साडीखरेदी ठेवू नये. एरवी 'तुम्हाला काय वाटतं हो?' असं विचारायला हरकत नाही, फक्त दुकान बंद व्हायच्या वेळी विचारावं. उत्तर मिळतं, पण ते 1956 पासून सुरू होतं. मध्येच 'पण आता काय फरक पडतो' असं म्हणणाऱ्या पुणेकराला पुढच्या वेळी चहा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

यायचं कधी? रमजानात आलात तर संध्याकाळी खडेबाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत पोटात जागा ठेवून फिरा. शिवजयंती इथे वैशाख शुद्ध द्वितीयेची. चित्ररथ रात्री निघतात आणि बघणारे पहाटे घरी पोहोचतात. गणपती विसर्जन दुसऱ्या दिवसावर जातं, तेव्हा परतीचं तिकीट त्यानुसार काढा. जुलैमध्ये आलात तर पाऊस थांबण्याची वाट बघू नका. स्थानिक लोक बघत नाहीत.

शेवटी खाणं, म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात. कुंदा म्हणजे दूध आणि साखर आटवत आटवत तपकिरी रंगावर आणलेला ओलसर, दाणेदार पदार्थ. त्याला 'पेढ्यासारखाच की' म्हणू नये. चांगला कुठला, हे एकाच माणसाला विचारावं. दोघांना विचारलंत तर तुमच्यासमोर भांडण होईल आणि तिसरा, वाटेने जाणारा, तुम्हाला हाताला धरून चौथ्याच दुकानात नेईल. मांड्यांची गोष्ट वेगळी. उरलेला महाराष्ट्र मांडे मनातल्या मनात खातो. बेळगावात ते खरोखर करतात. रुमालासारखी पातळ पोळी उपड्या भांड्यावर भाजून, आत पिठीसाखर, तूप, खसखस घालून घडी घालायची. हाताला लागताच मोडतो, म्हणून लग्नाच्या रुखवतात त्याला राखण लागते. ऐनवेळी मिळेलच असं नाही, आधी सांगून ठेवावं. आणि वंदे भारतने पुण्याला परतणार असाल तर मांड्यांचा पुडा वरच्या रॅकवर ठेवू नका. मांडीवर घेऊन बसा, आणि मिरज येईपर्यंत शेजाऱ्याला आत काय आहे ते सांगू नका.