ओलावा, कोपरे आणि मेस्सी

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात मालाची प्रत काढणं म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. सोयाबीन हमीभावाने घालायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. काडीकचरा, डागी दाणे यांची हजेरी वेगळी. 2024 च्या नोव्हेंबरात मात्र विधानसभेचं मतदान तोंडावर आलं आणि केंद्राने 15 टक्के ओलाव्यापर्यंतचं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली. लोकशाहीच्या उन्हात वाळवण झटपट होते.

त्यामुळे अमेरिकेतली पीएसए ही कंपनी काय करते, ते या गावाला लगेच उमगेल. खेळाडूंच्या कार्डांना ती 1 ते 10 गुण देते. कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्या का, वर ओरखडा आहे का, चित्र मधोमध छापलंय का, एवढंच बघायचं. मग कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद. त्यातही मान 'रूकी' कार्डाला, म्हणजे खेळाडू नवखा असतानाच्या पहिल्या कार्डाला.

बार्सिलोनाच्या एका कोवळ्या पोराचं असं कार्ड 2004 साली पानिनी कंपनीने 71 क्रमांकाने छापलं. पोरगा लिओनेल मेस्सी. त्या कार्डाची 10 गुणांची प्रत 2025 मध्ये सुमारे 15 लाख डॉलरला गेली. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने तेवढ्या पैशांत तेवीस हजार क्विंटलांहून जास्त सोयाबीन येईल. अर्थात खरेदी केंद्र चालू असेल, बारदाना असेल, तर.

पेलेचं 1958 चं स्वीडिश कार्ड 2022 मध्ये 13 लाख डॉलरच्या वर गेलं, तेही 9 गुणांवर. सतराव्या वर्षी विश्वचषक जिंकूनही एक गुण कापलाच!

नव्वदीत मराठवाड्याच्या पोरांकडेही कार्डं होती, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची. उंची, वजन, छाती, दंड यांवर डाव चालायचे. अंडरटेकर हाती आला की पोरगं फुगायचं. रबर लावून चड्डीच्या खिशात कोंबलेल्या त्या गठ्ठ्याचे कोपरे पार गोल व्हायचे. पीएसएच्या टेबलावर त्यांना दोन-तीन गुण मिळाले तरी उपकारच. खेळलेलं कार्ड हे खराब कार्ड, असा या खेळाचा नियम आहे.

आता बेसबॉलचं एक उदाहरण, कारण धंदा तोच. टॉप्स कंपनीची 1952 ची न खपलेली कार्डं 1960 साली बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात ओतली, असं कंपनीचे साय बर्गर सांगत. त्याच संचातलं मिकी मँटलचं वाचलेलं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं.

भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतायची रीत आपल्याकडेही आहे. उरलेल्या टोमॅटोंना डबीत बंद करून गुण देणारी कंपनी तेवढी अजून निघायची आहे.