दुरुस्ती एक, फेरफार चार हजार

चूक एका चिन्हाची होती. यादी शेवटच्या नोंदीपर्यंत जायला हवी, ती एक घर आधीच थांबत होती. ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’ केलं की काम फत्ते. एका परोपकारी तरुणाने ते केलं आणि ओपन सोर्स प्रोजेक्टला पॅच पाठवून दिला. चार हजार ओळींचा.

चार हजार लाल ओळी, चार हजार हिरव्या, आणि दोन्हींतला मजकूर डोळ्यांना एकच. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन अदृश्य चिन्हांची असते, लिनक्समध्ये एकाचीच. तरुणाच्या एडिटरने फाइल सेव्ह करता करता प्रत्येक ओळीला आपली खूण चिकटवली. या ढिगात खरी दुरुस्ती कुठे दडली आहे, ते शोधण्याचा मान अर्थातच प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचा. पॅचचं शीर्षक: ‘अपडेट’. वर्णनाची जागा कोरी. अर्ध्या तासाने निरोप: ‘सर, एनी अपडेट?’

खरी मौज पुढेच आहे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची आज्ञा असते. कुठली ओळ शेवटची कोणी आणि कधी बदलली, ते ती सांगते. हा पॅच नजरचुकीने आत गेला, की चार हजार ओळींच्या सातबाऱ्यावर एकच नाव चढलं म्हणून समजा. वर्षानुवर्षं रात्री जागून ज्यांनी ती फाइल कसली, ते सगळे एका फेरफारात बेदखल. उद्या कुणी विचारलं, की ही चमत्कारिक अट इथे का घातली आहे, तर ब्लेम सांगेल: अमुक तरुण, कारण ‘अपडेट’. हाच तरुण मुलाखतीत म्हणेल, ‘त्या प्रोजेक्टमधली एक अख्खी फाइल माझ्या नावावर आहे,’ आणि ते खोटंही नसेल! समोरचा मॅनेजर त्याच्या गिटहब प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन मोजून पॅकेज ठरवेल. जाणकार सांगतात, मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष कर असं ब्लेमला बजावता येतं. येतं ना. म्हणजे एकाने घाण करायची आणि पुढच्या प्रत्येकाने प्रत्येक वेळी नाक दाबायचं. आणि ज्या मेंटेनरने असा पॅच परत पाठवला, त्याची ख्याती काय? नवोदितांशी उद्धटपणे वागतो!

खरं तर नियम मोजकेच आहेत. एका पॅचमध्ये एकच बदल. शीर्षक साधारण 50 अक्षरांत, काय बदललं ते सांगणारं. का बदललं ते खाली. सोबत एखादी टेस्ट. मोठं काही करायचं असेल तर आधी विचारायचं. बहुतेक प्रोजेक्टांत ‘काँट्रिब्यूटिंग’ नावाची फाइल याचसाठी ठेवलेली असते, पण ती वाचण्यापेक्षा चॅटबॉटकडून पॅच लिहून घेणं आता सोपं झालं आहे. वर्णन दोन पानी, कोड कंपाइल होत नाही, आणि शंका विचारली तर उत्तरही त्याच यंत्राचं. मेंटेनर मात्र अजून माणूसच आहे.

पण नुसतं पोरांनाच का बोला? ज्यांचा अख्खा धंदा या फुकटच्या कोडवर उभा आहे, अशा कंपन्यांतले एसीत बसणारे इंजिनीयरही लिहितात: ‘शुक्रवारी रिलीज आहे, अर्जंट बघा.’ अर्जंट? कुणाला? लायसन्समध्ये ठळक अक्षरांत छापलेलं असतं की सॉफ्टवेअर आहे तसं मिळेल, हमी कसलीच नाही. समोरचा माणूस दिवसभर स्वतःची नोकरी करतो, घरी येऊन पोरांचा अभ्यास घेतो आणि रात्री अकराला लॅपटॉप उघडतो. तुमच्याकडून तो छदाम घेत नाही. तुमचा शुक्रवार त्याच्या पगारात येत नाही, कारण त्याला या कामाचा पगारच नाही! असा माणूस एक दिवस वैतागून लॅपटॉप मिटतो, की हेच लोक विचारणार, ‘प्रोजेक्ट वाऱ्यावर सोडलं, ही काय जबाबदारी झाली?’

तेव्हा पॅच पाठवण्याआधी एकदा गिट डिफ चालवा आणि आपला बदल ओळ न् ओळ स्वतः वाचा. वाचायचा कंटाळा आला, तर पाठवू नका.