थकबाकीदार माउली

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्यातला शाखाधिकारी काही निवृत्त होईना. दूधवाल्यानं 'काका' म्हटलं की पदावनती झाल्यासारखं वाटायचं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एक दिवस वारीत चालून या. 'मी'पणा गळून पडतो म्हणतात. तो नाही गळला, तर निदान पोट तरी उतरेल."

पुणे ते सासवड हा ज्ञानोबांच्या पालखीचा मोठा टप्पा. तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट. हडपसरला एका दिंडीत शिरलो आणि पहिलाच प्रश्न केला, "आपली दिंडी रथापुढची की रथामागची?" रथापुढच्या २७ दिंड्या मानाच्या, एवढा गृहपाठ करून गेलो होतो. शेजारचा टाळकरी म्हणाला, "माउली, पंढरपूर दोघांनाही तेवढंच लांब."

नाव कोणी विचारीना, हुद्दा तर दूरच. बंदोबस्ताचा पोलीस माउली, पाण्याचा टँकरवाला माउली, मीही माउली. ३२ वर्षांची कमाई हडपसरची वेस ओलांडायच्या आत खलास!

वडकी नाल्याला विसावा. एकादशी होती, म्हणून हातात राजगिऱ्याचा लाडू. एवढ्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या आणि चक्क माझ्या पाया पडल्या. मी सवयीनं मान डोलावली. कर्ज मंजूर करताना डोलवायचो, तश्शी. म्हटलं, चला, कोणाला तरी आपली किंमत कळली! तोवर आजी शेजारच्याच्या पाया पडल्या, मग चहावाल्याच्या, मग लाडू वाटणाऱ्या शाळकरी पोराच्या. जो तो लगेच वाकून त्यांच्या पाया पडत होता. अख्ख्या रांगेत थकबाकीदार मी एकटा.

मग मागे जाऊन मीही वाकलो. म्हणजे, वाकायला निघालो. अहंकार डोक्यात असतो म्हणतात, ते साफ खोटं. तो कमरेत असतो. अर्ध्या वाटेवर कट्‌कन आवाज झाला. लाडू आजींच्या पावलांवर पोचला, मी मधेच अडकलो. "उठा, माउली," म्हणत आजींनी काखेत हात घालून मला सरळ केलं, लाडू उचलला, फुंकर मारली आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो मुकाट्यानं खाल्ला. त्यानंतर घाट चढताना टाळांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. आपण कोण होतो, हे माथ्यावर पोचेपर्यंत एकदाही आठवलं नाही. इतकं शांत मला बँकेच्या सुट्टीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी पंढरीच्या महाद्वारात पायरीची जागा मागून घेतली. माझी उडी दारावरच्या पाटीपर्यंत. घरी आल्यावर तिच्यावरचं 'निवृत्त शाखाधिकारी' तेवढं खरवडून काढलं.

ही गोष्ट आजवर २१ जणांना सांगून झाली. तुम्ही बाविसावे.